फिका मुलामा

पॅरिसचा मातुरँ ब्राँझच्या नक्षीवर सोन्याचा मुलामा चढवायचा. त्यातल्या पाऱ्याच्या धुरानं चाळिशीतच दात पडले, हात कापू लागले. त्याची बायको पेरीन मेजांत बसवायच्या चिनीमातीच्या चकत्यांवर गुलाब रंगवायची. दोघांनी सजवलेलं मेज पाहायला ते बनवून घेणाऱ्या सरदारीणबाई आल्या. “गुलाब सुरेख! सोनं मात्र फिकं. आणखी एक हात द्या.” मातुरँनं मान डोलावली. पेरीन ताडकन उठली. “बाईसाहेब, मग माझे गुलाब काढून घेते. आणखी एक हात म्हणजे माझ्या नवऱ्याचा जीव.” बाईंनी मातुरँच्या थरथरत्या बोटांकडे पाहिलं. “असू दे फिकं,” त्या हळूच म्हणाल्या. मेज गेलं. मातुरँ भडकला. “माझ्या नावावर फिकं काम गेलं! लाज घालवलीस.” तीन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी हट्टानं स्वतःच्याच हातानं जेवायला बसला, अर्धं सूप सांडलं. मग वाडगा तिच्यापुढे सरकवून म्हणाला, “भरव.”