जेवणानंतरची गोळी

किसनबाबांची बंडी धुवायला टाकण्याआधी कुंदानं सवयीनं खिसा चाचपला, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खिशात शुगरच्या गोळ्या. चांगल्या मूठभर.

कालच डॉक्टरांनी सगळ्यांसमोर तिला झापलं होतं. म्हाताऱ्याची शुगर उतरत नाही, पायाची जखम चिघळलीय, असंच चाललं तर अंगठा कापावा लागेल, आणि तुम्ही नर्सबाई इथं करता काय? करते काय! बदलापूरच्या त्या वृद्धाश्रमात खोल्या भरून म्हातारी माणसं आणि नर्स ही एकटी. दोन्ही वेळा ज्याच्या त्याच्या हातावर गोळी ठेवायची आणि घ्या, घ्या म्हणून घसा कोरडा करायचा.

ती तशीच जेवणघरात गेली. बाबांचं ताट लख्ख झालं होतं. तिनं मूठ त्यांच्यापुढं उघडली.

"बाबा, हे काय?"

"गोल्या," बाबा म्हणाले. "तूच देतंस."

"मग गिळल्या का नाहीत? रोज मला सांगता, घेतो म्हणून. खोटं बोलायचं वय आहे का हे?"

बाबांना ते झोंबलं. "खोटं कवा बोललो? जेवल्यावर घ्या, हे तुझंच सांगणं. जेवलो की घेईन म्हणून जपून ठेवल्या."

"अहो, मग आत्ता काय केलंत? त्या दोन चपात्या काय मी खाल्ल्या?"

"चपात्या खाल्ल्या," बाबा म्हणाले. "जेवलो नाय. भात कुठं दिलास?"

कुंदानं कपाळावर हात मारला. भात डॉक्टरांनीच बंद केला होता. सोनिवली गावात जन्मभर शेतात भात लावला, भातच खाल्ला, त्या माणसाला भाताशिवायचं जेवण ठाऊकच नव्हतं. 'जेवल्यावर घ्या' हा शब्द तो इमानानं पाळत होता आणि तिकडं अंगठा सडत होता. हसावं की रडावं?

"म्हणजे इतके दिवस तुम्ही..."

"उपाशीच हाय ना," बाबा म्हणाले. "पण तक्रार केली का कुणाकडं?"

ती तरातरा स्वयंपाकघरात गेली आणि नोकरमाणसांच्या पातेल्यातला दोन घास भात बशीत घेऊन आली, वर चमचाभर वरण. डॉक्टर ओरडले तर ओरडू देत. बाबांनी भात कालवला, डोळे मिटून खाल्ला, बोटं चाटली आणि आपणहून हात पुढं केला.

"आण आता ती गोली."

गोळी पोटात गेली. कुंदाचा जीव भांड्यात पडला. उद्या डॉक्टरांना सांगायचं, औषधांत दोन घास भातही लिहा.

शेजारी साताऱ्याकडच्या कमळाबाई बसल्या होत्या. त्यांना ब्लडप्रेशर. सगळं कान देऊन ऐकत होत्या. कुंदा निघाली तसा त्यांनी तिचा हात धरला, कनवटीला लावलेली पुरचुंडी काढली आणि तिच्यातल्या गोळ्या टेबलावर ओतल्या.

"त्यांचं भातानं भागलं, बाई," त्या म्हणाल्या. "आमच्यात भाकरीबिगर जेवण धरत न्हाईत."