देवराईचं बी

“देवराईतली वाळकी काडीबी आमी घरी नेत न्हाई, आन् तुमी पोतंभर बिया नेल्या!” ठकूबाई वृक्षसंग्रहालयाच्या साहेबांवर कडाडली. “रोप देऊ म्हनला व्हता. आमचं झाड वादळात पडलं. द्या की आता!”

“रोपं संशोधनासाठी आहेत, मावशी. हवं तर अर्ज करा.”

“आमच्याच देवाच्या झाडासाठी अर्ज?” तिच्या अंगाची लाही लाही झाली. ती तरातरा देवराईच्या बियांतून त्यांनी आवारात वाढवलेल्या झाडापाशी गेली आणि खाली पडलेल्या बियांच्या सड्यात कपाळ टेकवून पालथी पडली.

उठली ती मात्र मुक्यानेच. फाटकावर रखवालदाराने तिची पिशवी उलटी केली, पदर झटकायला लावला. “आता का गप्प?” तो हसला. ती नुसती डोळे वटारून बाहेर पडली.

वळणापलीकडे तिने तोंडातल्या तीन बिया तळहातावर काढल्या आणि मग त्यांच्यामागे अडकलेली शिवी हासडली.