धुरातलं स्टेशन

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोठ्या हौसेने दवाखान्यात इम्प्रेशनिस्ट शैलीतलं चित्र लावलं होतं. गजबजलेलं रेल्वे स्टेशन, धुरात विरघळलेलं इंजीन आणि चेहऱ्यांच्या जागी रंगांचे नुसते फटकारे असलेली माणसं.

सासुरवाडीचं पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे खुद्द सासूबाई. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांची पट्टी सोडली, खुर्ची चित्राकडे वळवली आणि ऐटीत विचारलं, "आई, कसं दिसतंय स्टेशन?"

सासूबाई बराच वेळ टक लावून बघत राहिल्या.

"छान हो, जावईबापू. अगदी छान."

डॉक्टर खुशीत हात धुवायला वळले, तेवढ्यात सासूबाई लेकीचा हात धरून बाहेर गेल्या आणि दाराबाहेरून त्यांची कुजबुज कानावर आली.



"नवऱ्याला काही बोलू नकोस गं, बिचाऱ्याचा हात बसायचाय अजून. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन मात्र दुसरीकडेच करू."