सहा पिनांची वायर

“शिवा नाय काय?”

काउंटरवर पिशवी ठेवत त्या माणसानं विचारलं. कांतानं नुसती मान हलवली. शिवाला दुकानातून हाकलून आज आठवा दिवस होता, पण ते गिऱ्हाइकाला कशाला सांगायचं?

“मी दौलत, घोडपदेवचा. गणपतीला गावी गेलेलो, काल आलो.” तो घुटमळला. “शिवालाच दाखवायचं होतं. तुमच्यासमोर बरं नाय वाटत.”

“दाखवा हो. दुकान माझंच आहे.”

त्यानं पिशवीतून कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड काढलं आणि कांतानं ते झटकन जवळ ओढलं. काळा पंखा, त्याचं एक पातं टोकाला तुटलेलं. मागच्या पत्र्याच्या पट्टीवर मॉनिटरची दोन पांढरी सॉकेटं, त्यातल्या एकाचा स्क्रू गायब. हेच ते! फोटो स्टुडिओवाल्यानं दुरुस्तीला टाकलेलं आणि गणपतीच्या धांदलीत कपाटातून नाहीसं झालेलं.

कपाट उघडणारे दोघंच, ती आणि दहा वर्षं दुकानात काम करणारा मेकॅनिक शिवा. म्हणून तिनं पोलिसांत शिवाचं नाव दिलं होतं. तेव्हापासून चाळीनं तिच्याशी बोलणं टाकलं. गिरण्यांच्या संपात कांताच्या घरी चूल पेटत नव्हती, तेव्हा शिवाची आई राधाबाई आपल्या ताटातली भाकरी तिला आणून द्यायची. त्याच बाईच्या मुलाला चोर म्हणतेस? लोकांनी तोंडावर विचारलं होतं. आपलं खरं ठरलं तरच या चाळीत मान वर करून राहता येईल, हे कांताला पक्कं ठाऊक होतं.

आणि आता चोरीचा माल आपल्या पायांनी चालत आला होता. हा शिवाचाच साथीदार, दुसरा कोण! समोरच्या पानवाल्या दगडूला तिनं हळूच खूण केली. दगडू नाक्यावरच्या हवालदाराकडे धावला.

“काय होतंय याला?” तिनं शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं.

“पिक्चरच येत नाय. वर हे सहा पिनांचं सॉकेट आहे ना, त्यात लावायची करंटची वायर माझ्या मशीनमध्ये नाहीच.”

बरोबर, ढापलेल्या मालाबरोबर वायर कोण देणार, ती मनात म्हणाली. वेळ काढायला, मळ साफ करायच्या निमित्तानं खोडरबर घेऊन ती कार्डाच्या खालची सोनेरी पट्टी घासत बसली. 

दौलत उठला. “शिवा असला की येतो मग.”

“बसा हो, चहा सांगितलाय!”

तेवढ्यात हवालदार आले. मागोमाग चाळीतली माणसं आली, त्यांत राधाबाईही होती. कांताचा आवाज चढला.

“हेच ते कार्ड! आता सगळ्यांसमोर विचारा याला, कुणी दिलं ते!”

दौलत पार गांगरून गेला.

“अहो, तेच तर सांगायला आलेलो. मी दुरुस्तीला टाकलेल्या कार्डाला वरून वायर लागतच नव्हती. गावी जायच्या दिवशी न्यायला आलो, तर शिवा जेवायला गेलेला. या ताईंनीच हे माझं म्हणून पिशवीत घालून दिलं.”