नाताळचं इंजिन

न्यूरेंबर्गात खेळण्यातल्या पत्र्याच्या जुन्या आगगाड्या दुरुस्त करणाऱ्या कोनराडनं ऐटीत इंजिनावरचं फडकं काढलं. “बघा आजी, कारखान्यातला अस्सल हिरवा! वर कुणा गाढवानं घरगुती रंगांचे थर थापले होते. खरवडता खरवडता जीव गेला!” हेडविगआजींचा हात इंजिनाजवळ थबकला. “तो गाढव म्हणजे माझे बाबा, मास्तर.” त्या कसनुसं हसल्या. “लढाईनंतर घरात एवढंच खेळणं. नाताळ जवळ आला की नाहीसं व्हायचं, मग झाडाखाली बाळ येशूनं आणलेलं नवंकोरं इंजिन! एकदा निळं, एकदा पिवळं, एकदा लाल. केवढी नाचायचे मी!” कोनराडनं मान खाली घातली. “असू दे. तुम्हाला काय ठाऊक? काम सुरेख झालंय,” म्हणत आजींनी इंजिन शालीत गुंडाळलं आणि निरोपाला हात पुढे केला. कोनराडनं हात मागे लपवले. नखांत अजून निळा, पिवळा, लाल अडकला होता.