डावीकडचा तिसरा शिपाई

“राजकन्येचा गाना संपला का झोपू नको,” सखूनं नणंदेला बजावलं. “लगेच बुरूज येतो. डावीकडचा तिसरा शिपाई. तो आपला कमलाकर.”

चिमीनं मान हलवली. ती सोनिवलीहून अंबरनाथच्या जत्रेला आली होती आणि महादेवाचं दर्शन उरकून तिला पोरींसाठी बांगड्या घ्यायच्या होत्या. पण त्या दिवसांत सखूपुढे कोणाचं काही चालत नसे. देवळाच्या अलीकडच्या रिकाम्या शेतात सिनेमाचा तंबू पडला होता आणि त्यात लढाईचं एक चित्र लागलं होतं. सखूनं ते चारदा पाहिलं होतं. माहेरच्या आणि सासरच्या मिळून सतरा माणसांना तिनं ते बघायला लावलं होतं.

चित्राचं तिला तसं काही पडलेलं नव्हतं. राजा कोण आणि त्याचा वैरी कोण, हे चारदा बघूनही तिला धड सांगता आलं नसतं. राजकन्या तर तिला मुळीच आवडत नसे. शेतावर आणली तर दोन पेंढ्या उचलायची नाही, असं तिचं मत होतं. ती बसायची ती बुरुजासाठी.

वैऱ्याचे शिपाई दोर लावून वर चढू लागत. तिसरा शिपाई कठड्यापर्यंत पोचे, एकदा मागं वळून बघे आणि खाली कोसळे. जमिनीवर त्याचा हात जरासा उचलला जाई, मग तोही पडे. खालचे शिपाई लढायचं सोडून त्याच्याकडे बघत राहत.

“बगतान कशी,” सखू शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणे. “इतका झ्याक मरतो.”

मग सगळी ओळ टाळ्या वाजवी. कॅम्पातून आलेल्या निर्वासित सिंधी बायका वळून वळून बघत. गरीब शिपाई मेला म्हणून टाळ्या पिटणाऱ्या या बायका कुठल्या, असंच त्यांना वाटत असणार.

सगळं गणगोत बघून गेलं, एकटा कमलाकरचा बाप, तिचा नवरा हरिचंद्र, तेवढा आला नाही.

दोन वर्षांपूर्वी, ऐन झोडणीच्या दिवसांत, कमलाकर मुंबईच्या फिल्म कंपनीत जातो म्हणाला. खळ्यावर अर्धं गाव जमलेलं होतं. त्या सगळ्यांसमोर हरिचंद्र म्हणाला, “तोंडाला रंग फासनारा पोऱ्या माजा नाय. तुला आई नाय, बाप नाय. उंबऱ्यात पाय ठेवू नको.” पोरानं हातातली पेंढी खाली ठेवली आणि तो निघून गेला. पुढच्या दिवाळीत कोणीतरी सांगत आलं की त्याला कंपनीत काम मिळालं आहे. पुढे काही कळलं नाही.

सखूला नवल वाटलं नाही. पोरगा बापावर गेला होता. बाप बोलावील तेव्हाच तो उंबरा चढणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, पण हरिचंद्र ढिम्म हलला नाही. आणि आता देवानं हे चित्र थेट शेजारच्या शेतात आणून लावलं होतं.

तंबू उठायला दोन दिवस राहिले तेव्हा तिनं नवऱ्याचे पाय धरले.

“अवो, एकडाव बगा. मंग त्याचा नाव काढनार नाय.”

“मरायचा सोंग कनाला बगू?”

“सोंगच हाय. पन आपल्या पोऱ्याचा हाय.”

तो आला. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या, मध्ये दोरी. गाणं संपलं तशी सखूनं पडद्यावरची नजर काढली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे लावली. त्याच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड हलत होता. एकाएकी तो उठून उभा राहिला. दोन्ही हात पुढे धरले होते. मागचे लोक “खाली बसा, खाली बसा” म्हणून ओरडले, पण तो चित्र पुढे सरकेपर्यंत तसाच उभा होता.

तंबूबाहेर पापडवाल्याच्या बत्तीपाशी तो थांबला.

“उंद्या जाऊ,” तो म्हणाला. “घरी आनू त्याला.”

सखूला भर जत्रेत रडू फुटलं. दोन वर्षांत ती इतकी सुखानं रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दोघं मुंबईला गेली. पत्ता विचारत विचारत कंपनीच्या फाटकाशी पोचली. दरवानानं त्यांना आत हिंदुरावांकडे पाठवलं. हिंदुराव चित्रांतल्या मारामाऱ्या बसवायचे. उतारवयाचा, रुंद खांद्यांचा तो माणूस आवारात बसून तलवारींच्या मुठी पुसत होता.

हरिचंद्रानं वाटभर मनात घोळवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं.

“मी कमलाकरचा बाप. माजा चुकला, येवढा त्याला सांगा. त्याला घरी न्यायला आलोय. चित्र बगला आमी, आख्ख्या गोतान बगला. तो बुरुजावरना पडतो ना, तुमी लय चांगला शिकवलाव त्याला. आगदी खरा वाटतो.”

हिंदुरावांचा हात मुठीवरच थांबला. ते एकदा हरिचंद्राकडे आणि एकदा सखूच्या हातातल्या गाठोड्याकडे बघत राहिले.

“आपलं कोणी नाही, असं सांगितलं होतं त्यानं,” ते म्हणाले. “नाहीतर आम्ही कळवलं असतं.”

“काय कलवला आसता?” सखूनं विचारलं.

हिंदुराव उठून उभे राहिले.

“तो पडला तेव्हा आम्ही सगळ्यांनी हाका मारल्या, बाई. ऊठ म्हटलं, झालं तुझं काम, ऊठ. डॉक्टर येऊन मान हलवून गेला. मालक म्हणाले, तुकडा चांगला आलाय, चित्रात राहू दे.”