उघडं पान

मोबाइलवर पाटी आली : जागा भरली आहे.

धनेश सरांनी ती बोटाने बाजूला सारली. ती पुन्हा आली. समोर अठरा मुलं अठरा पुस्तकं घेऊन रांगेत उभी होती आणि सरांच्या खुर्चीत विस्तार अधिकारी सुचिता मॅडम मांडीवर टॅब घेऊन बसल्या होत्या. शाळा बघायला कोणी यायची ही पहिलीच वेळ. एरवी सगळे शाळेचा फोल्डरच बघत.

आगरदांड्याच्या जेट्टीपासून चालत अर्ध्या तासावर असलेल्या या शाळेत शनिवारी साडेआठला वाचन तास सुरू होई आणि नऊच्या आत संपे. सर कपाटाचं कुलूप काढत आणि पारदर्शक प्लास्टिकची वेष्टणं घातलेली पुस्तकं वाटत. खाऱ्या हवेने पुस्तकं खराब होतात आणि मुलांच्या हातांनी त्याहून जास्त, असं सरांचं मत होतं. म्हणून इतर दिवशी कपाट बंद.

पुस्तक उघडून धरायचं आणि पानं कॅमेऱ्याकडे करायची, हा नियम. मिटलेल्या पुस्तकाला वाचन कोण म्हणणार? मुलांच्या वाट्याला फक्त कव्हर येई. ते मात्र त्यांना किमतीसकट पाठ होतं. मग प्रत्येक मुलाचा वेगळा फोटो निघे. पुस्तकं कपाटात जात, फोटो अ‍ॅपमधल्या ‘वाचन तास’ या फोल्डरमध्ये जात आणि फोल्डरची लिंक पालकांच्या ग्रुपवर जाई. पालक ती न उघडताच अंगठा दाखवत.

सरांना एकाच गोष्टीचा त्रास होता. फोटोआधी पाचवीतली नेत्रा हळूच म्हणे, “पुढचं.” लगेच अठराच्या अठरा मुलं एकेक पान उलटत. वर, पुस्तकं परत देताना त्यात खुणेला जाळ्याच्या दोऱ्याचा तुकडा घालून ठेवत.

“चुळबूळ करू नका रे!” सर ओरडत. “कुठलंही पान चालतं!”

आजही तसंच झालं. मॅडमचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या टॅबवर फोल्डर बघत होत्या.

“काय स्पष्ट फोटो आहेत सर! अक्षर न् अक्षर दिसतंय. अख्ख्या तालुक्यात असा फोल्डर नाही.” त्यांनी टॅबवर काहीतरी भरलं. “पैकीच्या पैकी गुण दिले. आदर्श वाचन शाळा म्हणून तुमचंच नाव पाठवते.”

“पण मॅडम, आजचे फोटो जात नाहीत. जागा भरली म्हणतो.”

“मग जुने काढून टाका. गुण भरून झालेत, आता ते कोण बघणार आहे? आणि हो, अ‍ॅपमधली कचरापेटीसुद्धा रिकामी करा. काढलेले फोटो तिथेही जागा खातात.”

सरांनी फोल्डर उघडला. ‘सगळे निवडा’ दाबलं.

“सर, नका काढू ना!”

नेत्रा रांग सोडून पुढे आली होती. हातातलं पुस्तक तिने छातीशी धरलं होतं.

“का गं?” मॅडमनी विचारलं.

“मी वाचते ते. फोटोतली पानं. बोटांनी मोठी करून. रविवारी आय जेट्टीवर मासळी विकते, तवा तिचा मोबाइल माझ्याकडं असतो.” नेत्रा एका दमात बोलली. “माझ्या हातातलं पुस्तक मागच्या रविवारी संपलं. आता प्रज्योतच्या हातातलं वाचायला घेतलंय. त्यातला बोका होडी घेऊन गेलाय, तो अजून परत आला न्हाय. एक झालं, सतरा राहिल्यात.”

सरांचा हात खिशातल्या कपाटाच्या चावीकडे गेला आणि तिथेच थांबला. मॅडम उठून उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे चमकत होते.

“मासळी विकणाऱ्या बाईची मुलगी मोबाइलवर वाचते! सर, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? अहो, हा तर नवोपक्रम आहे! डिजिटल वाचन! याला वेगळे गुण आहेत.”

“हो ना मॅडम,” सर सावरून म्हणाले. “आम्ही मुद्दामच पानं कॅमेऱ्याकडे ठेवतो.”

“मला याचा फोटो हवा. आत्ताच्या आत्ता. हा घे बाळा माझा टॅब. तुझा फोल्डर उघडाच आहे त्यावर. वाच बघू.”

नेत्राने शेजारच्याकडे पुस्तक दिलं आणि दोन्ही हातांनी टॅब धरला. एवढा मोठा पडदा तिने कधी हाताळला नव्हता. अक्षरं न ताणता वाचता येत होती. तिने घाईघाईने प्रज्योतचा फोटो शोधला. बोका खाडीच्या तोंडाशी पोचला होता.

सरांनी मोबाइल वर धरला. पाटी आली : जागा भरली आहे. आता मात्र वेळ नव्हता. त्यांनी सगळे निवडले, काढून टाकले आणि कचरापेटीही रिकामी केली.

“सर...” नेत्रा पडद्याकडे बघत म्हणाली.

“हलू नकोस गं! आणि असं काय धरतेस? पडदा माझ्याकडे कर.”

नेत्राने पडदा त्यांच्याकडे केला आणि शिकवल्याप्रमाणे हसली.

‘डिजिटल वाचन’ या नव्या फोल्डरमधला तो पहिला फोटो. फार स्पष्ट आला होता. नेत्राच्या हातातल्या पडद्यावरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं : हा फोल्डर रिकामा आहे.